थंड इंजिन आणि थरथरणारी गाडी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडी पडली की या सदराकडे एक तक्रार हमखास येते : सकाळी गाडी काढली की थरथरते, जरा अंतर गेलं की आपोआप शांत होते. त्यातली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरांआधी सगळ्यांसाठी एक विनंती. थंडपणी दिसणारा बिघाड थंड गाडीवरच तपासावा लागतो. घरापासून गॅरेजपर्यंत पाच-सात किलोमीटर चालवत नेली की इंजिन तापतं, लक्षण निघून जातं आणि ‘गाडीत काहीच नाही’ असं ऐकून तुम्ही परत येता. त्यात मेकॅनिकचा दोष नसतो, त्याला दिसण्यासारखं काही उरलेलंच नसतं. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडा आणि सकाळचा पहिला सेल्फ त्यालाच मारू द्या. निम्मं निदान तिथेच होतं.

प्रश्न : माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी २०१६ची असून ७८ हजार किलोमीटर झाली आहे. सकाळी सुरू केल्यावर जागेवरच थरथरते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येही धक्के जाणवतात. तीन-चार मिनिटांनी सगळं गुळगुळीत. नवे प्लग टाकले, व्हील बॅलन्सिंग केलं, फरक नाही. आता इंजिनचे फाउंडेशन (ज्यांवर इंजिन बसतं ते रबरी आधार) बदला म्हणतात. बदलू का? (निफाड)

उत्तर : अजून नको. बॅलन्सिंगवरचा खर्चही टाळता आला असता, कारण उभी गाडी थरथरत असेल तर चाकांचा त्यात संबंधच नाही.

आधी थरथर कुणाच्या तालावर चालते ते ठरवा. रिकाम्या रस्त्यावर, गाडी थंड असतानाच, ४०च्या वेगाने तिसऱ्या गिअरमध्ये चालवा आणि लगेच त्याच वेगाला चौथ्यात टाका. गिअर बदलल्यावर थरथर बदलली तर ती इंजिनाची. वेग तोच आणि थरथरही तशीच राहिली तर चाक, टायर किंवा एक्सल. मग एकदा क्लच दाबून गाडी दोन-तीन सेकंद घरंगळू द्या (चावी बंद करायची नाही, स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात). जोर काढताच थरथर थांबली, तर लोडखाली होणारं मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये स्फोटच न होणं), फाउंडेशन किंवा एक्सलचा आतला जॉइंट, एवढ्यातच शोधायचं.

हातापायांना जाणवणाऱ्या कंपाचा वेगही बरंच सांगतो. १८५/६५ आर१५ मापाचं चाक एका फेऱ्यात साधारण १.९५ मीटर जातं. ६०च्या वेगाला ते सेकंदाला साडेआठ वेळा फिरतं. त्याच वेळी २,००० आरपीएमवर इंजिन सेकंदाला ३३ वेळा फिरतं आणि चार सिलिंडर मिळून सेकंदाला ६६-६७ स्फोट होतात. त्यामुळे निरोगी इंजिनाची थरथर बारीक गुणगुण असते, सीटमध्ये आणि गिअरच्या दांड्यात जाणवते. चाकाची जाड असते, स्टिअरिंग हलवते. पण चारपैकी एक सिलिंडर मिस करत असेल, तर ८०० आरपीएमवर सेकंदाला सातच्या आत धक्के बसतात आणि अख्खी गाडी डुलते. तुमच्या वर्णनावरून हेच होत असावं. फाउंडेशन खराब असतं तर थरथर जास्त असती, पण एकसारखी असती. इंजिनाचा आवाज तुटला नसता.

आता मिसिंग थंडपणीच का होतं? चार कारणं तपासायची, आणि ती याच क्रमाने, कारण पहिल्या दोहोंना जवळपास खर्च नाही.

पहिलं, प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी कॉइल आणि तिचा रबरी बूट. तुमच्याकडे हिवाळ्यात दव भरपूर पडतं. बुटाला बारीक चीर असेल तर ओलाव्यातून ठिणगी बाजूने पळते. इंजिन तापलं की ओलावा सुकतो आणि मिसिंग थांबतं. प्लग काढून त्याची पांढरी चिनीमाती उजेडात फिरवून बघा. तिच्यावर वरून खाली केसासारखी काळपट रेघ दिसली तर ठिणगी तिथूनच जातेय. अशीच रेघ बुटाच्या आतही उमटलेली असते. नुसता प्लग बदलून जुना बूट तसाच ठेवला, तर नव्या प्लगवरही थोड्या दिवसांत तीच रेघ येते. नवे प्लग टाकूनही फरक पडला नाही याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. खात्री करायची तर स्कॅनर लावा. कोड पी०३०२ आला, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर, तर तिथली कॉइल तीन नंबरवर टाका. दुसऱ्या सकाळी कोड पी०३०३ झाला की कॉइल पकडली गेली. कोड जागचा हलला नाही तर कॉइल निर्दोष, आता इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायचं. नवे प्लग बसवताना त्यांच्या टोकाची फट फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली होती का आणि टॉर्क रेंचने आवळले होते का, तेही विचारा.

दुसरं, कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) टेम्परेचर सेन्सर. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, इनटेकच्या (हवा आत नेणाऱ्या मार्गाच्या) भिंतींवर ते चिकटून राहतं. म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सुरुवातीला जास्त पेट्रोल देतो आणि आयडलिंग १,१०० ते १,५०० पर्यंत चढवतो. किती द्यायचं हे तो याच सेन्सरकडून विचारून घेतो. सेन्सरने थंड इंजिनाला कोमट सांगितलं तर पेट्रोल कमी पडतं आणि गाडी थरथरते. तपासणी सोपी आहे. सकाळी चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि स्कॅनरवर कूलंटचं तापमान व आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे बाहेरच्या तापमानाच्या जवळपास, पाचएक अंशांत असायला हवेत. बाहेर ९ अंश असताना कूलंट ३५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली. मल्टिमीटरने बघायचं तर बहुतेक सेन्सर २० अंशांना दोन ते तीन किलोओहम आणि ८० अंशांना ३००च्या आसपास ओहम दाखवतात. सेन्सर पूर्ण तुटला तर कोड येतो. चुकीचं पण शक्य वाटणारं तापमान सांगत असेल तर बऱ्याचदा येत नाही, म्हणून ‘स्कॅनरवर कोड नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका.

तिसरं, हवेची गळती. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, पीसीव्हीचा (इंजिनातले वायू परत इनटेकमध्ये नेणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप. रबर म्हातारं होऊन कडक झालं की थंडीत आकसतं आणि फट राहते, तापल्यावर फुगून ती बुजते. गरम गाडीवर इथे बऱ्याचदा काहीच सापडत नाही. थंड इंजिनावर स्मोक मशीन लावलं की धूर नेमका फटीतून बाहेर येतो. काही जण सुरू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून बघतात. तो पेट घेणारा पदार्थ आहे, आमचा सल्ला स्मोक टेस्टचाच. फट मोठी असून गाडी तापल्यावरही स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू नेहमीपेक्षा किती टक्के जादा पेट्रोल देतोय तो आकडा) अधिक १०च्या वर दिसत असेल, तर गळतीचा संशय पक्का धरा.

चौथं, इंजेक्टरमधून रात्रभर पेट्रोल ठिबकणं किंवा इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन. ठिबकत असेल तर सकाळी सेल्फ लांब मारावा लागतो, सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि पहिला धूर काळा असतो. कार्बनचं उलट आहे : तो सुरुवातीचं पेट्रोल शोषून घेतो, म्हणून पहिल्या मिनिटांत पाय दाबला की गाडी अडखळते.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आहे ना, हेही एकदा बघून घ्या. ‘आपल्याकडे गरमी असते, गरज नाही’ म्हणून तो काढून टाकण्याची खोड अनेक गॅरेजमध्ये आहे. ती फार नुकसानीची आहे. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो नसला तर इंजिन तासभर चालवूनही पुरतं तापत नाही, ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो, मायलेज पडतं आणि थंडपणीची लक्षणं लांबत जातात. कोड पी०१२८ याचाच.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर त्या आठवड्यात गाडी दाखवा. तो लुकलुकत असेल तर पाय लगेच हलका करा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतला धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन पेटतं आणि तो वितळतो. त्याच्या किमतीपुढे कॉइल काहीच नाही.

प्रश्न : गाडी दोन-तीन आठवडे उभी असते. काढली की पहिले आठ-दहा किलोमीटर ‘धब धब’ असा कंप येतो, मग जातो. इंजिन थंड असल्यामुळे होत असेल का? (पुणे)

उत्तर : इंजिनाचा यात हात नाही. टायरचा जो भाग जमिनीवर टेकून राहिला तो चपटा झाला आहे. चालवल्यावर टायर तापतो आणि पुन्हा गोल होतो. हे आणि इंजिन तापणं एकाच वेळी घडतं, म्हणून गल्लत होते. जागेवर रेस करून बघा : थरथर नसेल तर टायरच.

हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. ती कमी असेल तर टायर लवकर चपटा होतो. आठवड्यातून एकदा गाडी अर्ध्या चाकाएवढी तरी पुढेमागे करा. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं आणि चपटेपणा जायला जास्त वेळ लागतो.

वीस-पंचवीस किलोमीटर जाऊनही कंप राहिला, तर मात्र टायरवरून हात फिरवा. कुठे फुगवटा लागला तर आतले पट्टे सुटले आहेत. तो टायर एक्सप्रेसवेवर न्यायचा नाही, त्याच दिवशी काढायचा.

प्रश्न : पावसाळ्यात आणि दमट सकाळी पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी थडथडते. गाडी एकदा चालू लागली की ठीक. शिवाय हल्ली ७०च्या पुढे स्टिअरिंगही हलतं. (चिपळूण)

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकत्र करू नका.

क्लच सोडतानाची थडथड कोकणात फार दिसते. रात्रभराच्या दमट हवेत फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर गंजाचा पातळ थर धरतो. क्लच प्लेट त्यावर धरते-सुटते, धरते-सुटते, म्हणून झटके. पाच-दहा वेळा गाडी उचलली की थर घासून जातो. तेवढ्यावर जात असेल तर काहीही बदलू नका. ‘क्लच जाळून साफ करा’ म्हणून हाफ क्लचवर रेस करायला सांगणारेही भेटतील. तसं केल्याने फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात आणि मग थडथड कायमची होते.

गरम गाडीवरही राहत असेल तर दोन शक्यता. एक, क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून तेल प्लेटवर येतंय. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली बोट फिरवा, चिकट लागलं तर तेच. दुसरी, फाउंडेशन. त्याची परीक्षा अशी : चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडा, गाडीच्या पुढे-मागे कुणालाही उभं राहू देऊ नका. एकाने ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच धरायला लागेपर्यंतच सोडायचा, मग तेच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन बघायचं. इंजिन थोडं कलणारच, पण उसळून आदळत असेल तर फाउंडेशन गेलं. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत खालचा टॉर्क रॉड सगळ्यात आधी जातो आणि तो बदलायला सोपाही असतो. क्लच उघडावाच लागला तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला आणि क्रँकचा सीलही त्याच वेळी टाका. सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे तीच मजुरी दुसऱ्यांदा.

७०च्या पुढचं हलणं वेगावर अवलंबून आहे, म्हणून ते चाकाचं. बॅलन्सिंगला जाण्याआधी रिमच्या आतली बाजू बघा. लाल माती तिथे बसते, रात्रीतून वाळते आणि एका बाजूला ढेकूळ धरते. बॅलन्सिंगचे तुकडे पाच-पाच ग्रॅमचे असतात, त्या मानाने मूठभर माती किती होते बघा. पाण्याचा फवारा आतून मारा. मातीसकट बॅलन्सिंग केलं तर माती पडल्यावर चाक पुन्हा बिघडतं.

प्रश्न : कंपनी फिटेड सीएनजी आहे. सकाळी पेट्रोलवर सुरू होते तेव्हा मिसिंग मारते. गॅसवर गेली की एकदम छान. म्हणजे पेट्रोलच खराब ना? (पनवेल)

उत्तर : तसं असण्याची शक्यता मोठी आहे, पण अजून सिद्ध झालेलं नाही. तुमची गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि कूलंट ठरावीक तापमानाला पोचलं की गॅसवर जाते. म्हणजे इंधन बदलणं आणि इंजिन गरम होणं या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी होतात. दोषी कोण हे वेगळं करायला हवं. गाडी पुरती तापल्यावर बटणाने मुद्दाम पेट्रोलवर घ्या आणि चार-पाच किलोमीटर चालवा. मिसिंग आलं तर दोष पेट्रोलच्या बाजूला. गरम असताना पेट्रोलवरही छान चालली, तर निफाडच्या वाचकांना दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू.

पेट्रोलच्या बाजूचा दोष बहुधा वापर नसल्यामुळेच येतो. रोज दोन मिनिटांपुरतंच पेट्रोल लागतं, टाकीत तेच ते महिनोन्महिने पडून राहतं. त्यातला हलका, लवकर वाफ होणारा भाग उडून जातो, आणि थंड सुरुवातीला गरज नेमकी त्याचीच असते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि वाफ व्हायला जास्त उष्णता मागतं, त्यामुळे जुनं पडलेलं पेट्रोल सकाळी आणखी त्रास देतं. इंजेक्टरच्या तोंडाशी चिकट थरही धरतो.

टाकीतलं जुनं पेट्रोल संपवा किंवा काढा, ताजं भरा, आणि एक-दोन आठवडे रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा. एवढ्याने अनेक गाड्या सुधारतात. नाही सुधारली तर इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावा. चारही नळ्यांत पातळी जवळपास सारखी यायला हवी आणि बंद केल्यावर एकही थेंब गळता कामा नये. इंजेक्टरच्या आतल्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण १२ ते १६ ओहम असतो. अल्ट्रासॉनिक क्लीनिंगने बहुतेक इंजेक्टर वाचतात, लगेच नवे घेऊ नका. पुढे टाकीत किमान पाव भाग पेट्रोल ठेवा आणि आठवड्याला दहाएक किलोमीटर त्यावर चालवा. पाव टाकीच्या खाली राहिलं की टाकीतल्या पेट्रोल पंपालाही त्रास होतो, कारण तो पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

प्रश्न : डिझेल गाडी. सकाळी मिनिटभर जोरात हलते आणि पांढरा धूर सोडते. हीटर प्लग बदलू का? (सातारा)

उत्तर : मोजून बदला. प्लगची वायर किंवा वरची पट्टी सुटी करा, मल्टिमीटरची दोन टोकं एकमेकांना लावून त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करा, आणि प्रत्येक प्लग ते इंजिनाची बॉडी असं मोजा. साधारण अर्धा ते दीड ओहम यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो प्लग मेला. चारही चांगले असतील तर प्लगपर्यंत १२ व्होल्ट येतात का बघा, रिले किंवा फ्यूज गेलेला असतो.

पण साताऱ्याची थंडी फार कडक नाही. १२-१५ अंशांना चांगल्या कॉमन रेल इंजिनाने एक प्लग मेलेला असतानाही बऱ्यापैकी सुरू व्हायला हवं. म्हणून प्लग सापडला तरी तिथेच थांबू नका. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या : प्रत्येक रिटर्न पाइपला छोटी बाटली लावून इंजिन काही मिनिटं आयडलवर चालवायचं. ज्या बाटलीत इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल जमेल तो इंजेक्टर झिजला. त्यानंतर कॉम्प्रेशन. डिझेल फिल्टरजवळ हवा शिरून रात्री लाइन रिकामी होत असेल, तर पारदर्शक पाइप लावल्यावर सकाळी बुडबुडे दिसतात.

प्लग काढताना इंजिन गरम हवं, आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मुळाशी टाकलेलं हवं, आणि घाई नको. प्लग हेडमध्ये तुटला तर साध्या कामाचं हेड उतरवण्यापर्यंत जातं.

प्रश्न : नवी तीन सिलिंडरची गाडी सकाळी पहिल्या मिनिटात थरथरते. आधीची चार सिलिंडरची अशी नव्हती. तक्रार करावी का? (नागपूर)

उत्तर : थरथर एकसारखी असेल आणि मिनिटाभरात आरपीएमबरोबर उतरत असेल तर ती त्या इंजिनाचीच जात आहे. ८०० आरपीएमवर चार सिलिंडरमध्ये सेकंदाला २६-२७ स्फोट होतात, तिनांत फक्त २०, आणि दोन टोकांच्या पिस्टनांमुळे इंजिन पुढेमागे डोलतं. त्यातच कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ईसीयू पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात ठिणगी मुद्दाम उशिरा देतो, आवाज घोगरा येतो. उभ्या गाडीत इंजिन तापवत बसू नका. सीट बेल्ट लावेपर्यंतचा वेळ पुरे, मग पहिले तीन-चार किलोमीटर अडीच हजार आरपीएमच्या आत चालवा.

आरपीएमचा काटा नाचत असेल, झटका अधूनमधून येत असेल किंवा दिवा लागत असेल, तर काट्याचा आणि आवाजाचा सकाळचा व्हिडिओ काढा आणि वॉरंटीतच लेखी तक्रार नोंदवा.

प्रश्न : उणे १५-२० अंशांत रात्रभर उभी राहिल्यावर हायवेवर स्टिअरिंग जोरात हलतं. कधी येतं, कधी नाही. (टोरंटो)

उत्तर : ‘कधी येतं, कधी नाही’ यातच उत्तर आहे. बर्फ पडल्यानंतरच्या सकाळी येतं का बघा. रिमच्या आत बर्फाचा लगदा बसून गोठतो आणि चाकाचा तोल जातो. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढा, धातूने नको. हवा तपासा : दर पाच-सहा अंशांना सुमारे एक पीएसआय कमी होते, म्हणजे २० अंशांना भरलेला टायर उणे २० ला सातएक पीएसआयने कमी भरतो. एवढ्या थंडीत टायर एका रात्रीतही चपटा होतो आणि इंजिन फाउंडेशनचं रबर कडक असल्याने सुरुवातीला जास्त थरथर पोचते. ब्लॉक हीटर असेल तर निघण्याआधी दोन-तीन तास लावा.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात गाडी एकदा गरम झाली होती. तेव्हापासून कूलंट महिन्याभरात मॅक्सवरून मिनवर येतं. खाली थेंब पडत नाही. सकाळी अर्धा मिनिट थरथरते, पांढरा धूर येतो, मग एकदम ठीक. थंडीची वाफ आहे म्हणतात. (सोलापूर)

उत्तर : थंडीची वाफ कूलंट पीत नाही. या अंकातल्या सगळ्या पत्रांत आम्हाला काळजी वाटते ती तुमच्या गाडीची. हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पातळ पट्टीतून) कूलंट सिलिंडरमध्ये जातंय असं धरूनच चला.

गरम गाडी बंद केल्यावर कूलंटवर एक बारच्या आसपास दाब असतो. सिलिंडरमध्ये आता स्फोट नाहीत, त्यामुळे तो दाब बारीक फटीतून कूलंटला आत ढकलतो. सकाळपर्यंत पिस्टनवर चमचाभर साचतं. पहिल्या सेल्फला तो सिलिंडर भिजलेला असतो, मिस करतो, वाफ सोडतो. अर्ध्या मिनिटात कोरडा झाला की गाडी नेहमीसारखी.

संध्याकाळी गरम गाडी गॅरेजमध्ये न्या. थोडी निवल्यावर रेडिएटरवर प्रेशर टेस्टर लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत पंप करा आणि शक्य तर रात्रभर तसंच ठेवा. काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर सकाळी सगळे प्लग काढून आत बोरस्कोप (नळीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा) घाला. जो पिस्टन बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ किंवा ओला दिसेल तोच गुन्हेगार. त्याचा प्लगही बाकीच्यांपेक्षा पांढराशुभ्र असतो. दुसरी परीक्षा निळ्या द्रावाची : सुरू इंजिनाच्या कूलंटवरची हवा त्यातून ओढली की जळालेल्या वायूमुळे निळा रंग पिवळा होतो. गळती फार बारीक असेल तर ही परीक्षा चुकते, म्हणून दोन्ही करा. ऑइलच्या झाकणाखालचा पांढरट मलईसारखा थर मात्र पुरावा मानू नका, फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या निरोगी गाडीतही तो दिसतो.

तोवर लांबचा प्रवास बंद. रोज सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी बघा. नुसतं पाणी भरू नका आणि गळती बंद करणारी पावडर तर मुळीच नको, ती रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्या बंद करते. सेल्फ मारल्यावर इंजिन ‘टक’ करून जागीच अडलं, तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायचं.

हेड उतरेल तेव्हा ते मशीन शॉपला सपाटी तपासायला पाठवा. सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घातल्यावर ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट बहुतेक अ‍ॅल्युमिनियम हेडना चालत नाही. गॅस्केटबरोबर हेडचे बोल्टही नवे घ्या, बहुतेक गाड्यांत ते एकदाच ताणायचे असतात, आणि मॅन्युअलमधल्या क्रमाने व टप्प्यांनी आवळले जातात का हे समोर उभं राहून बघा. आणि उन्हाळ्यात गाडी गरम का झाली होती, पंखा, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर की झाकण, याचं उत्तर मिळाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. ते कारण तसंच राहिलं तर नवं गॅस्केटही पुढच्या मे महिन्यात जाईल.